दोन सूत

एकसष्ट-बासष्टची गोष्ट. मॅट्रिकनंतर यवतमाळच्या ज्या कॉलेजात मी फिटरचा कोर्स घेतला, त्याला आमच्याकडे सगळे लोखंडाचं कॉलेज म्हणत. माझ्या बापाची पांढरकवड्याला हमरस्त्यावर चहाची टपरी. थांबेल त्या ट्रकवाल्याला तो सांगायचा, "पोरगा इंजिनेर होऊन राह्यला." आठवड्याभरात ही बातमी एका अंगानं नागपूरला आणि दुसऱ्या अंगानं हैदराबादला पोचली. हैदराबादेत तर मी एक पूलही बांधून टाकला होता म्हणे. तेव्हा कॉलेजातून नाव कटवून घरी जायची सोयच उरली नव्हती. कोणकोणत्या ट्रकमागं पळत सांगणार, की बातमी वापस द्या?

आणि नाव कटायची वेळ पहिल्याच परीक्षेत आली. सोमवारी प्रत्येकाला एक जॉब मिळाला. जॉब म्हणजे लोखंडाचा चौकोनी ठोकळा. वर्कशॉपचे सर रेल्वेत नोकरी करून आलेले, बोलणं मोजकं.

"एका अंगानं दोन सूत उतरवायचं. कानशीनं. शनिवारी चार वाजता पाहीन. ज्याचं मापात नसेल, त्याचं नाव रजिस्टरातून कट."

बाकीच्यांच्या घरी सुतार-लोहार होते की काय, कोण जाणे, कोणी काही विचारलं नाही. मी कशाला विचारू? कपाशीच्या मुलखात जन्मलेल्या माणसानं सूत म्हणजे काय असं विचारायचं? खांद्यावरच्या पंच्याचे दोन धागे उपसले, एकावर एक ठेवून बोटानं दाबून पाहिले, आणि तेवढं लोखंड कानशीनं उतरवलं. वीस मिनिटं लागली. त्यातली दहा सफाईत गेली.

बाकीचे मंगळवारीही घासत होते, बुधवारीही. वर्कशॉपात अशी खरखर, की गावातल्या कुत्र्यांनी भुंकणं सोडून दिलं. मी बाहेर निंबाखाली बसून राहायचो, कंटाळा आला की आत जाऊन सल्ले द्यायचो.

शेजारच्या टेबलावर उमरखेडचा एक पोरगा होता. त्याला म्हटलं, "काहून मरून राह्यला बे? म्या पहिल्याच दिवशी खतम केलं."

तो घाम पुसत म्हणाला, "तुह्या हाताले देवानं मशीन लावली असंन."

मी नाही म्हटलं नाही.

शुक्रवारी दुपारी सर माझ्यापाशी थांबले. ठोकळ्याला पट्टी लावली. पुन्हा लावली.

"याला हात कधी लावणार?"

"झालं सर. सोमवारीच."

"काय झालं?"

"दोन सूत." मी खिशातून दोन्ही धागे काढून टेबलावर ठेवले. पुराव्यासाठी जपले होते.

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "कशाचे?"

"पंच्याचे, सर."

"पंचा बारीक आहे. सतरंजीचे घेतले असते तर थोडं तरी उतरलं असतं." मग पट्टीवर नख टेकवलं. "एक सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. दोन म्हणजे पाव इंच. उद्या चार वाजता."

उमरखेडवाला हसता हसता टेबलाखाली गेला, त्याला दोघांनी ओढून काढला. बाहेर आल्यावर मात्र त्यानं आपली नवी खरबरीत कानस माझ्यापुढं केली. "घे बे, मशीन."

घासलं. शुक्रवारी कॉलेज बंद होईस्तोवर, शनिवारी उघडल्यापासून. लोखंडाचा कीस पायाखाली असा साचला की मी दोन इंच उंच झालो. दुपारी एकच्या सुमारास दोन्ही खांदे मला सोडून गेले. पुढचं काम कोणी केलं, ते मी पाहिलं नाही.

चार वाजता सरांनी पट्टी लावली, ठोकळा उजेडाकडे धरून एक डोळा मिटला.

"एक कोपरा खाली बसला आहे."

मी मान वाकडी करून तो कोपरा पाहिला.

"पण पाव इंच उतरलं. पास." त्यांनी रजिस्टर पुढं सरकवलं. "सही कर."

बोटं कानशीची मूठ धरावी तशी वळून बसलेली. पेन धरायला चिमूट लागते, ती जमेना. तीनदा पेन पडलं. मागं रांग खोळंबली. सरांनी शाईचं पॅड उघडलं, माझा अंगठा धरला, दाबला आणि रजिस्टरावर टेकवला.

"वाळू दे. पुसू नको."

आमच्या खानदानात मॅट्रिक झालेला पहिला माणूस मी. त्या रजिस्टरात सगळ्यांच्या सह्या आहेत, अंगठा एकच, तो माझा. पण नाव कटलेलं नाही.