भूगोलाच्या बाई समुद्र बघायला गेल्या

यंत्रांनी माणसाला धाकात ठेवलं आहे, असं हल्ली जो तो म्हणतो. म्हणणाऱ्यांनी आमच्या भूगोलाच्या बाई बघितलेल्या नाहीत. आमच्या शाळेत वायर असलेलं जेवढं म्हणून सामान होतं, ते झाडून सगळं बाईंच्या धाकात होतं. उचगावच्या कडेला, कारखान्यांच्या शेडना लागून आमची शाळा. मी तिथं विज्ञान शिकवायला लागलो आणि वयानं सगळ्यांत लहान म्हणून संगणक, प्रोजेक्टर, घंटेचं बटण असं सगळं माझ्या गळ्यात पडलं. प्रोजेक्टर तर असा आडमुठा, की अर्धा अर्धा तास मी त्याच्या मिनतवाऱ्या करायचो आणि तो नुसता तांबडा डोळा मिचकावत बसायचा. मग बाई यायच्या, कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभ्या राहायच्या आणि गर्जायच्या, "काय पावणं, आज उजेड पाडणार हाय का न्हाय?" आणि देवाशपथ सांगतो, तो निमूट लागायचा.

बाई माहेरच्या नेसरीच्या. आवाज असा, की त्या आठवीला मोसमी वारे शिकवायला लागल्या की नववीचीही उजळणी होऊन जायची. कोल्हापुरी बायकांच्या रिवाजाप्रमाणं "मी येतो, मी जातो" असंच बोलायच्या. वर्गात मला अदबीनं "सर" म्हणायच्या आणि शिक्षकखोलीचा उंबरा ओलांडला की "लेका". व्हॉट्सॲपवर त्यांना टायपिंग जमायचं नाही, म्हणून आवाजाचे निरोप पाठवायच्या. पण ते इतक्या मोठ्यानं, की व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला निरोप आधी माझ्या कानांवर पोचायचा आणि मग फोनवर. त्यांचा पासवर्ड अख्ख्या शाळेला पाठ होता, कारण विसरला की त्या तो मला अंगणातून ओरडून विचारायच्या आणि मीही ओरडूनच सांगायचो. पासवर्ड गुप्त ठेवायचा असतो, हे मी एकदा समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर त्यांनी जाहीर केलं, "आता बदललाय बरं का! कुणी जुना वापरू नका."

तरी त्यांना यंत्रांची गरज काय होती, हा प्रश्न मला पडायचा. वर्गाकडं तोंड करून, मागं हात नेऊन, न बघता त्या फळ्यावर भारताचा नकाशा काढायच्या. काश्मीरपासून सुरुवात करून खडू एकदाही न उचलता पुन्हा काश्मीरला. तेवढ्या वेळात त्यांची नजर पोरांवर असायची आणि तोंडानं खिडकीतल्या कुणाला तरी दटावणं चालू असायचं. मी आजवर किती नकाशे पडद्यावर दाखवले असतील. पण त्यावर पोरांच्या तोंडून तसा "आहा" निघाल्याचं मला आठवत नाही.

तर एका जूनमध्ये मुख्याध्यापक कुठल्याशा प्रशिक्षणाहून आले आणि त्यांनी प्रत्येकाच्या हातात एक कागद ठेवला. वर्षभरात वर्गात तंत्रज्ञान कसं वापरणार, त्याची आपापली तीन व्यावसायिक उद्दिष्टं लिहून द्यायची. आम्ही सगळ्यांनी मधल्या सुट्टीत काम उरकलं. मी लिहिलं, 'अध्ययन-अध्यापन प्रक्रिया अधिक परिणामकारक करणे,' आणि बाकीच्यांनी माझं बघून लिहिलं. बाईंनी मात्र तो कागद घरी नेला. पाचव्या दिवशी कागद आला. ठळक अक्षरात लिहिलं होतं: एक, प्रोजेक्टर दुसऱ्या कुणाला हाक न मारता स्वतः जोडणे. दोन, एखादी गोष्ट येत नसेल तर पोरांसमोर 'येत नाही' म्हणणे आणि त्यांच्याकडून शिकणे. तीन, आठवी ब ला समुद्र दाखवणे.

मुख्याध्यापकांनी चष्मा वर केला. "बाई, हे तिसरं कसं चालेल? उद्दिष्ट मोजता आलं पाहिजे."

"मोजा की," बाई म्हणाल्या. "बेचाळीस पोरं हाईत. बेचाळिसांनी बघितला की झालं."

मला वाटलं, हे तर सोपं आहे. म्हटलं, "बाई, नेटवर समुद्राचे पाहिजे तेवढे व्हिडिओ आहेत. उद्या लावून देतो."

"कुणाचा समुद्र त्यो?" बाई म्हणाल्या. "कुणी काढलाय, कवा काढलाय, भरतीचा हाय का ओहोटीचा, काय म्हाईत हाय तुला?"

त्या दिवशी शाळा सुटल्यावर पाण्याच्या टाकीजवळच्या पायरीवर त्या मला घेऊन बसल्या. खरी गोष्ट तिथं कळली. वर्गातल्या एका मुलीनं विचारलं होतं, ओहोटीला पाणी जातं कुठं. बाईंनी चंद्राचं, गुरुत्वाकर्षणाचं सगळं नीट सांगितलं. मुलीचं समाधान झालं नाही. ती म्हणाली, "तसं न्हाय बाई, तुम्ही बघितलं तवा कुठं गेलतं?"

"मग?" मी विचारलं.

बाईंनी पदरानं चष्मा पुसला. नेहमीपेक्षा पुष्कळच हळू आवाजात म्हणाल्या, "मी कुठं बघितलाय लेका?"

मला खरंच वाटेना. गगनबावड्याचा घाट उतरला की कोकण. आमच्या शाळेची सहल वर्षाआड तिकडंच जायची. पण सहल निघाली की बाईंच्या घरात कुणी ना कुणी अंथरुणाला खिळलेलं. आधी सासरे, मग सासूबाई, मग मालक. मालक गेले, तोवर सहलीला तरण्या शिक्षकांची नावं लागायला लागली होती. आपण होऊन 'मला न्या' म्हणणं बाईंच्या स्वभावात नव्हतं. अठ्ठावीस वर्षं त्यांनी लाटा, भरती, खाऱ्या जमिनी, समुद्रतळ शिकवला होता, आणि सगळा पुस्तकातून. "पुढच्या वर्षी रिटायर होतो," त्या म्हणाल्या. "पोरीला काय सांगू?"

मग आमची तयारी सुरू झाली. व्हिडिओ कॉल कसा करायचा, कॅमेरा पुढचा कुठला आणि मागचा कुठला, हे मी त्यांना शिकवलं. मी म्हणजे, मी सुरुवात केली. खरं शिकवलं आठवी ब च्या पोरींनी, आणि बाई त्यांच्यासमोर "येत न्हाय मला, पुन्हा दाखव," असं बिनदिक्कत म्हणायच्या. भरतीची वेळ आम्ही फोनवर शोधून काढली. दुपारी दोनच्या सुमाराला पाणी चढणार होतं, असा एक गुरुवार सापडला. बाईंनी किरकोळ रजेचा अर्ज दिला. कारण लिहिलं, 'समुद्र बघणे.' मुख्याध्यापकांनी कपाळाला हात लावला, ते खोडून स्वतःच 'घरगुती' लिहिलं आणि सही केली.

गुरुवारी पहिल्या एसटीनं बाई निघाल्या. दुपारच्या सुट्टीनंतर मी आठवी ब मध्ये पडदा लावून, माझा फोन प्रोजेक्टरला जोडून बसलो. दोन वाजले, सव्वादोन झाले. मला काळजी वाटायला लागली. घाटात गाडी बंद पडली असेल, फोनला रेंज नसेल. या वयाच्या बाईला एकटीला पाठवलं कुणी, असं कुणी विचारलं तर बोट माझ्याकडंच येणार होतं. एवढ्यात फोन वाजला आणि पडदाभर एक भलंमोठं नाक दिसलं.

"दिसतंय काय रं?" नाकाखालून आवाज आला.

"बाई, तुमचं नाक दिसतंय!" सगळा वर्ग ओरडला.

"फिरवतो, थांबा."

चित्र हेलकावलं, आभाळ आलं, माडाचा शेंडा आला, आणि मग अचानक समुद्र आला. पोरं ओरडायची थांबली. बाईंनी पाठ तयार करून नेला होता. त्यांनी सुरुवातही केली, "तर मुलांनो, हे जे समोर दिसतंय ते..." आणि त्या थांबल्या. नुसता वारा ऐकू यायला लागला. आयुष्यात पहिल्यांदा मी बाईंना शिकवता शिकवता गप्प झालेलं ऐकलं. पाणी जवळ येत होतं. मला वाटलं बाई मागं सरतील. पण चित्र तर पुढं पुढं सरकत होतं. एक मोठी लाट उठली.

"बाई, मागं व्हा!" बेचाळीस पोरं एकदम किंचाळली. शेजारच्या वर्गातले सर धावत आले.

पडद्यावर फेस आला, मग भिजलेल्या निऱ्या, मग एक चप्पल पाण्याबरोबर जाताना दिसली, मग नुसतं आभाळ. आम्ही सगळे उभे राहिलो होतो. आणि मग बाईंचा आवाज आला, सगळ्या शाळेला ऐकू जाईल असा, "खारट हाय रं! खरंच खारट हाय!"

वर्गानं टाळ्या वाजवल्या. ती प्रश्न विचारणारी मुलगी पडद्याजवळ गेली आणि म्हणाली, "बाई, पलीकडचा काठ दिसतोय काय?"

"न्हाय गं," बाई म्हणाल्या. "लई बघतोय. न्हाय दिसत."

तिथं रेंज गेली.

दुसऱ्या दिवशी बाई नव्या चपला घालून हजर. मी विचारलं, कसं वाटलं. त्यांनी डबा उघडला, भाकरी मोडली, आणि पेपर तपासून हातात आल्यावर पोरांच्या चेहऱ्यावर जो सुटकेचा भाव असतो, तसल्या चेहऱ्यानं म्हणाल्या, "लेका, अठ्ठावीस वर्षं शिकवलं ते सगळं बरोबर निघालं."

आता बाई नेसरीला असतात, भावाच्या घराशेजारी. शाळेत फळ्याएवढं मोठं डिजिटल पॅनेल आलं आहे. बोट लावलं की हवा तो समुद्र येतो, लाटांच्या आवाजासकट. पोरं बघतात, वहीत लिहून घेतात. परवा मी बाईंना फोन केला. इकडचं तिकडचं झालं. मग त्या म्हणाल्या, "हिमनदी ऱ्हायली बघ. ती पण शिकवलीय की मी."

"जाऊया की, बाई."

"गुडघं ऐकत न्हाईत आता." मग बाई म्हणाल्या, "तू जाशील कवातरी. गेलास की मला फोन लाव. मी बघतो हितनं."