जुन्या गाडीसाठी नारळ

बाबांच्या गुडघ्यांना एसटीची पायरी झेपेनाशी झाली, तेव्हा मी जुनी गाडी घ्यायचं मनावर घेतलं. मंडणगडकडच्या आमच्या गावात शिमग्याला पालखीपुढे गाऱ्हाणं घालायचा मान बाबांचा. गेल्या शिमग्याला ते रत्नागिरीत माझ्या फ्लॅटच्या गॅलरीत दिवसभर बसून राहिले. भाड्याची गाडी करू म्हटलं, तर नाही. एकदा भाडेवाल्याने गाऱ्हाणं ऐन रंगात असताना हॉर्न मारला होता. तेव्हापासून आमच्या घरात भाड्याच्या गाडीचं नाव काढायची सोय नाही.

हायवेलगतच्या जुन्या गाड्यांच्या शोरूमला मी इतके खेटे घातले, की तिथला वॉचमन मला स्टाफ समजून हात करू लागला. मोबाइलवर बघून ठेवलेली गाडी मी पोचेपर्यंत नेमकी 'आत्ताच गेलेली' असायची. उरलेल्या सगळ्या म्हणे डॉक्टरांच्या. डॉक्टर फक्त रविवारी चालवायचे, तेही सावकाश. आमच्या शहरात खरंच एवढे डॉक्टर असते, तर बाबांचे गुडघे एव्हाना पळायला लागले असते. एकीची चावी सापडेना, एकीची बॅटरी उतरलेली, एकीचे कागद मालकाकडे आणि मालक जहाजावर. सेल्समन मात्र गोड माणूस. पन्नाशीचा, दापोलीकडच्या खेड्यातला. गेलं की आधी कोकम सरबत पुढे करायचा. सरबत पिताना माणसाला चिडता येत नाही हे त्याला पक्कं ठाऊक असावं. मी घरी येऊन चिडायचो.

शिमगा अगदी तोंडावर आला, तेव्हा कुठे एक पांढरी गाडी सापडली. चावी होती, कागद होते, सुरूही झाली. आत अत्तराचा वास एवढा, की लग्नाच्या मांडवात शिरल्यासारखं वाटलं. पण बाबा पुढच्या सीटवर बसले ते कुठेही न कण्हता. पाय लांब करून त्यांनी विचारलं, "मंडणगडचा घाट चढंल ना ही?" गेल्या शिमग्यापासून त्यांनी आपण होऊन गावाचा विषय काढला नव्हता. मी तिथेच ठरवून टाकलं, हीच घ्यायची.

आता सेल्समनने गप्प बसून सह्या घ्यायला हव्या होत्या. पण बाबा गाऱ्हाणं घालतात हे कळल्यावर त्याला राहवेना. गिऱ्हाईक खूश व्हावं आणि देवही खूश व्हावा, असा दुहेरी हिशेब असणार. "मंग बाबा, नारळ तुमच्याच हातनं ठेवूया," म्हणाला. त्याने स्वतः नारळ आणून बाबांच्या हातनं बॉनेटसमोर ठेवला, चपला काढल्या आणि हात जोडून उभा राहिला.

गाऱ्हाण्यात एक जण देवाशी मोठ्याने बोलतो आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून साक्ष द्यायची असते. बाबांनी सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा, आज तुझी लेकरां तुझ्यासमोर उभी हायत..."

"व्हय म्हाराजा!" सेल्समनचा आवाज खणखणीत.

"ही गाडी कुणाच्या हातनं आली, कुठल्या वाटंनं आली, ता तुला ठावं हाय..."

"व्हय म्हाराजा." जरा हळू.

"आगीतनं आली असंल, पाण्यातनं आली असंल, आमच्यापासना काय लपवलेला असंल, ता तू आज उघड्यावर आण रे म्हाराजा!"

गावाला दरवर्षी ऐकलेलेच ठरावीक शब्द, फक्त आज गाडीला लावलेले. बाबांच्या मनात कसलाही संशय नव्हता. पण 'व्हय म्हाराजा' आलंच नाही. सेल्समन खाली नारळाकडे बघत होता. बाबांनी थांबून त्याच्याकडे पाहिलं, तसा तो पुटपुटला, "बाबा, नका घेव ही. पुराच्या पाण्यात बसलेली हाय. घाटात बंद पडंल."

मला इतका राग आला की हसूच फुटलं. एवढ्या खेट्यांत मला जे काढता आलं नव्हतं, ते एका नारळाने काढलं होतं. पण शिमगा परवावर होता आणि गाडी पुन्हा हातची गेली होती. मी बाबांचा दंड धरला, "चला."

बाबा हलले नाहीत. गाऱ्हाणं अर्धवट सोडून कुणी जात नाही. त्यांनी आधी त्या सेल्समनसाठी मागितलं. "हा खरा बोलला म्हाराजा, ह्याच्या पोटावर पाय येऊ देऊ नको." सेल्समन तोंड फिरवून डोळे पुसत राहिला.

मग बाबा पुन्हा नारळाकडे वळले. गावासाठी, गुराढोरांसाठी, मुंबईच्या चाकरमान्यांसाठी त्यांनी जन्मभर मागितलं होतं. स्वतःसाठी मागताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"आनि मला एकदा, जमंल तसा, तुझ्या पालखीपुढं उभा कर रे म्हाराजा."

साक्ष द्यायला मीच उरलो होतो. मीही चपला काढल्या, हात जोडले आणि खणखणीत म्हटलं, "व्हय म्हाराजा!"