हाताची घडी

मुलीच्या शाळेत नवी कार्यशाळा सुरू झाली, म्हणून आम्हा पालकांना बोलावलं होतं. भिंतीवर हातोड्या, पकडी, स्क्रूड्रायव्हर ओळीने टांगलेले, एकावरही साधा ओरखडा नाही. सहावीची मुलं बाकांवर बसली होती, आम्ही मागे उभे होतो आणि बाई त्यांना पडद्यावर खिळा कसा ठोकायचा याचा व्हिडिओ दाखवत होत्या. जरा चुळबुळ झाली, तशा त्या ओरडल्या, "हाताची घडी, तोंडावर बोट!"

सगळा वर्ग चिडीचूप झाला. माझ्या अगदी पुढ्यातल्या बाकावरच्या एका मुलीने मात्र हळूच हात सोडवला. तिच्या बाकाचा स्क्रू सैल होता. नजर पडद्याकडे ठेवून ती तो अंगठ्याच्या नखाने पिळत होती. त्या अख्ख्या कार्यशाळेत काम म्हणावं असं तेवढंच चाललं होतं.

"सायली, हात!" बाई म्हणाल्या. हात परत घडीत गेला.

माझं डोकंच फिरलं. स्क्रू कुठवर आवळायचा हे बोटांना कळतं, ते डोळ्यांना पडद्यावर कसं दिसणार? चेचलं एखादं बोट तर चेचू दे की! वर्षानुवर्षं हात बांधून बसवायचं आणि वर आपणच म्हणायचं, हल्लीच्या मुलांना साधा खिळा ठोकता येत नाही.

तास संपल्यावर बाईंनी हौसेने विचारलं, "कशी वाटली आमची कार्यशाळा?"

"छान आहे हं," मी म्हणाले.

मागे उभ्या उभ्या माझीही हाताची घडी कधी झाली होती, मला कळलंच नव्हतं.