गाडी आत आली की हवा चेक

जुने टायर कुणी मुद्दाम जमवत नाही, तरी गॅरेजच्या मागे त्यांचा ढीग लागतोच. किश्शांचंही तसंच. मी दुबईत, अल कूझमधल्या एका गॅरेजच्या काउंटरवर बसते. रविवारी करामातल्या आमच्या घरी मैत्रिणी जमल्या की पहिला प्रश्न ठरलेला, "काय गं, दत्ताभाऊंनी या आठवड्यात कुणाची हवा भरली?"

तर आधी दत्ताभाऊ. गुहागरचे. आमच्या गॅरेजमध्ये टायरचं काम ते एकटेच बघतात. आणि मालक बशीरभाई, केरळचे, मनाने लोणी आणि आवाजाने भोंगा! मध्यंतरी काम फार कमी झालं होतं. दत्ताभाऊंचा व्हिसा संपत आला होता आणि त्यांच्या मुलीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष चालू होतं. तेवढ्यात एका कुरिअर कंपनीने आपल्या काही व्हॅन ट्रायलवर दिल्या. अट एकच. धूर कमी करायचाय, टायरमध्ये हवा कमी असली की गाडी जास्त पेट्रोल पिते, म्हणून गॅरेजमध्ये येणाऱ्या प्रत्येक गाडीची हवा तिच्या दारावरच्या स्टिकरवर लिहिल्याप्रमाणे करूनच ती बाहेर सोडायची.

बशीरभाईंनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, "कॉन्ट्रॅक्ट मिला तो दत्ताराम का व्हिसा रिन्यू. नहीं मिला तो कॅन्सल. मैं क्या करूँ?" हे सांगताना भोंग्याचा आवाज अगदी बसला होता.

दत्ताभाऊंनी मात्र एवढंच विचारलं, "प्रत्येक म्हणजे प्रत्येक ना?"

*

पहिले सापडले सिलिकॉन ओएसिसमधले जोशी. मूळचे पुण्याचे. आले होते एसीसाठी. दत्ताभाऊ हवा मोजायचं गेज घेऊन चाकाशी बसले तसे हे काउंटरवर हजर.

"मी हवा सांगितली नव्हती."

"सर, फ्री आहे. नियमच आहे आमचा."

"फ्री? का?"

मी धूर, पेट्रोल, पर्यावरण सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं, मग नाही भरली तर बिलात किती कमी कराल?"

*

एकदा एक बंद पडलेली गाडी रिकव्हरीच्या ट्रकवर लादून आणली. इंजिन जाम. मालक कपाळाला हात लावून बसलेला. बशीरभाई बॉनेट उघडून मान हलवतायत आणि खाली दत्ताभाऊ चारी चाकांत हवा भरतायत!

बशीरभाई ओरडले, "अरे, ये गाडी चलेगीच नहीं!"

दत्ताभाऊ म्हणाले, "पण आत आलीय ना?"

आणि उठून रिकव्हरीच्या ट्रककडे गेले. तोही आत आला होता.

*

अबू राशिद आमचे जुने गिऱ्हाईक. दुबईचेच, पण हिंदी आपल्यापेक्षा फर्डी. सुट्टीच्या दिवशी वाळूत गाडी पळवणं हा त्यांचा जीव की प्राण. वाळूत टायर मऊ लागतात, म्हणून ते घरूनच हवा सोडून निघाले आणि वाटेत हॉर्न दुरुस्त करायला आमच्याकडे थांबले. चहा पिऊन येतात तो दत्ताभाऊंनी चारी टायर टणक करून ठेवलेले.

"या अखी, मेरे भाई! मैं रेगिस्तान जा रहा हूँ, एअरपोर्ट नहीं!"

"रेगिस्तानपर्यंत रोडनेच जाणार ना?" दत्ताभाऊंनी मला विचारलं. मी ते हिंदीत सांगितलं.

 अबू राशिद खदाखदा हसले आणि त्या दिवसापासून विनाकारण गाडी घेऊन यायला लागले. म्हणायचे, "हबीबी, हवा चेक करो," आणि मग दोघं बाहेर खुर्च्या टाकून गप्प बसायचे. एकाला मराठी येत नाही, दुसऱ्याला बोलायची हौस नाही. दोस्ती मात्र पक्की.

*

गणपतीत दत्ताभाऊंना जेवायला बोलावलं. उकडीचे मोदक गार व्हायला लागले तरी पत्ता नाही. मुलाला खिडकीतून बघायला सांगितलं. तो ओरडला, "मॉम, अंकल इज चेकिंग अवर टायर्स! ऑल्सो द नेबर्स!"

वर आले ते थेट बेसिनवर. जेवताना गावाहून सुलभावहिनींचा व्हिडिओ कॉल आला. नवऱ्याच्या ताटातले मोदक बघून त्या मला म्हणाल्या, "पोटभर वाढा हो त्यांना. व्हिसाचं काही मला सांगत नाहीत, पण आवाजावरून कळतं." दत्ताभाऊंनी मान वर केली नाही.  एवढ्या साध्या माणसाला असं परत पाठवायचं, या विचाराने मला बशीरभाईंचा, कुरिअर कंपनीचा, सगळ्या जगाचा राग आला.

*

ट्रायलचा शेवटचा दिवस. सकाळी कंपनीची मॅनेजर स्वतः व्हॅन तपासायला येणार होती. दत्ताभाऊंनी पहाटेच सगळ्या व्हॅनची हवा स्टिकरबरहुकूम केली आणि आंघोळीला मागच्या खोलीत गेले.

मॅनेजर आली. तरुण, चष्मेवाली, चेहऱ्यावरची रेषही हलणार नाही अशी. पहिल्या टायरला गेज लावलं आणि भुवया वर. दुसऱ्या टायरला लावलं. मग दुसऱ्या व्हॅनला.

"हवा कमी नाही," ती इंग्रजीत म्हणाली. "खूप जास्त आहे. सगळ्यांमध्ये. कुणी भरली?"

दत्ताभाऊ ओल्या केसांनी धावत आले होते. मॅनेजरच्या भुवया बघूनच त्यांचा चेहरा पांढराफटक.

मी हात वर केला. म्हटलं, "मी. आल्या आल्या थोडी मारली. कमी पडली तर काय घ्या, म्हणून."

बशीरभाईंनी खाकरून हात वर केला. "नमाज के बाद. थोडा-थोडा. सेफ्टी के लिए."

तेवढ्यात खुर्चीवरून अबू राशिद उठले आणि त्यांनीही हात वर केला. "मैंने भी, वल्लाह. दोस्त का मामला है."

मॅनेजरने आमचे तिन्ही हात पाहिले. "तुमच्याकडे टायरचं काम नक्की करतात किती जण?"

"एकच," बशीरभाई म्हणाले आणि दत्ताभाऊंकडे बोट दाखवलं.

 ती पहिल्यांदाच हसली. "मग बाकीच्यांना हवेपासून लांब ठेवा. आणि यांना सोडू नका. पुढच्या आठवड्यापासून आमच्या सगळ्या व्हॅन येतील."

दत्ताभाऊंना इंग्रजी कळत नाही. ते माझ्याकडे बघायला लागले.  मी सांगायच्या आधीच बशीरभाई भोंग्याच्या आवाजात ओरडले, "दत्ताराम, खलास! तेरा जाना कॅन्सल!"

 दत्ताभाऊ पहिल्या व्हॅनच्या चाकाशी उकिडवे बसले आणि आम्ही भरलेली जादा हवा सोडायला लागले. फुस्सऽऽ करत हवा निघत होती. मान खाली घालूनच ते म्हणाले, "मॅडम, जरा सुलभेला फोन लावता का? माझे हात खराब झालेत."