कंपासनं निवडलेली जागा

जाऊबाई, बाभुळगावच्या दारातून आमची बैलगाडी निघाली, तेव्हा माझी शिवणाची पेटी जागा नाही म्हणून ओसरीवरच राहिली. यांच्या नकाशांची पत्र्याची नळी मात्र यांच्या मांडीवर होती, तान्ह्या लेकरासारखी. मामाजी गाडीमागं चालत आले आणि वेशीपाशी म्हणाले, "अरे, एकडाव जागेवर जाऊन त पाय. कागद कायले पाहून राह्यला?"

"बाबा, नकाशा खोटं बोलत नसतो," हे म्हणाले. गाडीत बसून, वरून.

आपलं वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं त्या सुमाराची ही गोष्ट. मोजणी खात्यानं यांची वणीला बदली केली. बाकीच्या बाबूलोकांनी गावात खोल्या घेतल्या. यांना ते अडाणीपणाचं वाटलं. यांच्या मते बाभुळगावसुद्धा मुळात चुकीच्या जागी वसलेलं! महिनाभर जेवणाचं ताट बाजूला सारून यांनी कंपासनं वर्तुळं काढली. शाळा, बाजार, सडक, दवाखाना. सगळी वर्तुळं जिथं एकमेकांत शिरली, तिथं लाल पेन्सिलीनं टिंब दिलं आणि मला म्हणाले, "इथं आपण राहायचं." मी त्या टिंबाकडं पाहिलं. मुंगीएवढं होतं.

त्या टिंबावर मातीचं घर उभं राहत होतं, तेव्हा टेकडीवरच्या लमाण तांड्यातली झमकीबाई पाहायला आली. तिच्या सासऱ्यानं बैलांच्या पाठीवर मीठ लादून सारा मुलूख पालथा घातला होता. ती म्हणाली, "बाई, इथं कायले घर बांधून राह्यले? आमचे बैल इथं कधीच बसले नाही. किती बी थकले तरी उभेच राहत."

मी यांना सांगितलं. हे हसले. "जिला अक्षर ओळखता येत नाही, ती मोजणीवाल्याला जमीन शिकवते!"

श्रावणात एका दुपारी नाला घरात आला. नकाशात तो होता, नाही असं नाही. फक्त पुष्कळ पलीकडे होता. नकाशा काढल्यावर इतक्या वर्षांत नाल्यानं वाट बदलली, आणि तसं खात्याला कळवलं नाही, एवढाच त्याचा गुन्हा. मागची भिंत बसली. धाकटी लेक माझ्या कडेवर, थोरलीचा हात धरलेला, पाणी मांडीपर्यंत. आणि हे पुढं चालले होते, दोन्ही हातांनी डोक्यावर ती पत्र्याची नळी धरून! थोरलीचा पाय घसरला, तिचा हात सुटला. टेकडीवरून झमकीबाई धावत आली नसती, तर आज मी ही गोष्ट अशी सांगत बसले नसते. तिनं पोरीला झिंज्यांना धरून वर ओढलं. हे काठावर पोचल्यावर मागं वळले.

तांड्यात झमकीबाईनं आम्हाला तिची एकुलती एक बाज दिली. यांनी त्या बाजेवर नकाशे वाळत घातले. पोरी जमिनीवर बसल्या.

चौथ्या दिवशी पुन्हा वर्तुळं सुरू झाली. मी कंपास हातातून काढून घेतला. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, तोवर मी यांच्या हातातून काही काढून घेतलं नव्हतं. "आता जागा मी पाहीन," म्हटलं. मग झमकीबाईला विचारलं, "तुमचे बैल बसत होते कुठं?" तांड्याच्या अंगाला मुरमाचा उंचवटा होता, तिथं तिनं मला नेलं. तिथंच घर बांधलं. दहा पावसाळे झाले, उंबरा कोरडा आहे.

पाहुणे आले की हे सांगतात, "सगळा विचार करून जागा निवडली." मी चहा पुढं करते. पूर्वी संताप यायचा. आता नुसती कीव येते, आणि कीव संतापापेक्षा वाईट, हे यांना अजून कळलेलं नाही.

गेल्या दिवाळीत तुमच्या चुलीपाशी बसून मी सहज म्हणाले, "आता घरी जावं म्हणते." ओसरीवरून मामाजींनी विचारलं, "अन् हे काय हाय?" तुमचा कणकेतला हात थांबला. मी चुलीत लाकूड सारलं. त्याचं उत्तर आता लिहिते. ते तुमचं घर आहे, जाऊबाई. तुम्ही ते सांभाळलंत. मी तिथं पाहुणी म्हणून येते. रडत नाही आता मी त्यावर.