एका हाताने लिहिलेले दोन अर्ज

दोन्ही अर्ज माझ्याच हातचे होते. तिसगावच्या बाजारातून फुलस्केप कागद आणले, ओसरीवर बसले आणि आधी माझ्या नवऱ्याचा लिहिला, मग दिराचा. धाकटी जाऊ शेजारी बसून वाऱ्याने उडू नये म्हणून कागदाचा कोपरा धरून होती. तिला सही तेवढी येते, तीही एकेक अक्षर चितारून. मी दहावी झालेली, म्हणून घरातलं लिहिण्याचं काम माझ्याकडेच.

'मा. राज्यपाल महोदय यांच्या सेवेशी' इथपासून 'उरलेली शिक्षा माफ व्हावी ही नम्र विनंती' इथपर्यंत दोन्हीकडे शब्द सारखेच. नाव बदललं, मुलं किती ते बदललं. गुन्हा तर एकच होता. शेताकडे जायच्या वाटेवरून शेतशेजाऱ्याशी भांडण झालं, दोघे भाऊ काठ्या घेऊन गेले, आणि तो माणूस तिसऱ्या दिवशी नगरला दवाखान्यात वारला. कुणाची काठी कुठं बसली ते कोर्टातही ठरलं नाही. दोघांना सारखीच दहा वर्षं लागली आणि दोघे पुण्याच्या एकाच जेलात गेले.

दुसरा अर्ज लिहिताना हात बसला होता. अक्षर जास्त चांगलं आलं. पुढे कितीतरी दिवस मला हेच खुपत राहिलं, की माझ्या नवऱ्याचा अर्ज आधी कशाला लिहिला.

नवरे आत गेल्यावर आम्ही दोघी जावांनी मिळून एक कोयता केला. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी लागते, तिलाच कोयता म्हणतात. दोन बायकांचा कोयता घ्यायला टोळीचा मुकादम आधी तयार नव्हता. पण ती तोडायला वाघीण आणि मी मोळ्या बांधायला चपळ. पहिल्या हंगामानंतर तो गप्प झाला. दिवाळी झाली की आम्ही मुलांना घेऊन कारखान्यावर जायचो, पाचटाच्या एकाच झोपडीत, कोपीत, राहायचो, एकाच ताटात जेवायचो. सख्ख्या बहिणींत नसेल एवढं आमचं जमायचं. हे मुद्दाम सांगते, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटेल की आमचं पहिल्यापासूनच वाकडं होतं.

अर्ज गेले त्याला वर्ष होत आलं. जानेवारीत उसाच्या फडात तोड चालू असताना तिचा मोबाईल वाजला. ती पाचटावरून धावत आली. हात, तोंड, सगळं काळं.

"आक्का, आपला अर्ज पास झाला! सव्वीस जानेवारीला सोडनारेत!"

मी हातातली मोळी टाकली आणि तिला मिठी मारली. दोघी रडलो. मग मी विचारलं, "दोघं एकाच गाडीनं येतील का गं?"

मिठी तिनेच सोडली. "त्यांचाच झालाय आक्का. भाऊजींचं काय बोलले न्हाईत."

मी खाली वाकून टाकलेली मोळी पुन्हा बांधायला घेतली. ती घट्टच बांधलेली होती.

दीर येणार म्हणून आम्ही तोड सोडून गावी आलो. ते आले तेव्हा वेशीत हलगी वाजली. सासूने भाकरतुकडा ओवाळून टाकला. आदेशाच्या कागदाचा फोटो गावातल्या सगळ्या मोबाईलवर फिरला. वर सिंहांचा शिक्का, खाली 'राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने'. पारावरचे लोक म्हणायला लागले, "राज्यपालानं सोडला म्हंजे काय तरी बघूनच सोडला आसंल." म्हणजे एक भाऊ निर्दोष ठरला आणि दुसरा खरा गुन्हेगार. तो दुसरा माझा होता. कागदात तसं काहीच नव्हतं. गुन्हा माफ झाला असं कुठेही लिहिलेलं नव्हतं, फक्त उरलेली शिक्षा माफ झाली होती. मी तो फोटो इतक्या वेळा वाचला की पाठ झाला. पण सांगणार कुणाला?

आमच्या आणि त्यांच्या खोलीत एकच भिंत. पहाटे दिरांचा खोकला ऐकू यायचा. मग जाऊबाईंचं हसू. ती आधी इतकं हसायची नाही. ती चहाला एक कप जास्त ठेवते हे मला भांड्याच्या आवाजावरून कळायचं. तिने नवी चोळी शिवली. मी म्हणाले, "रंग काय तुला खुलत न्हाई." खुलत होता. तिने ती चोळी पुन्हा घातली नाही, आणि मला त्याचं बरं वाटलं.

पुढच्या हंगामाला मुकादम आला. जावेचं आणि दिरांचं नाव लिहून घेतलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "वहिनी, एकट्या बाईचा कोयता मी कसा लावू?" ट्रक गेला. मी मागे राहिले. शाळेत खिचडी शिजवायचं काम मिळालं. माझा नवरा आला नव्हता तो नव्हताच, पण तिच्या नवऱ्याने माझी जोडीदारीणही नेली होती. त्या दिवसांत मी तिच्यावर जास्त जळत होते की त्याच्यावर, ते मला आजही सांगता येणार नाही.

याच दिवसांत मी ती गोष्ट केली. मेलेल्या माणसाची बायको वेशीपलीकडे राहते. कोर्ट सुरू झाल्यापासून आमच्यातलं कुणी तिच्या दारात गेलेलं नव्हतं. मी एका दुपारी पिशवीत कागद आणि पेन घालून गेले. ती अंगणात बाजरी पाखडत होती. मला बघून सूप थांबलं.

मी उभ्यानेच म्हणाले, "काकू, माझ्या दिराला सोडलंय. तुमाला हरकत घेता येते. मी अर्ज लिहून देते."

तिने सूप खाली ठेवलं.

"सोडायच्या आधी पोलीस आले हुते इचारायला," ती म्हणाली. "मी म्हनलं, सोडा न्हाईतर ठेवा, माझ्या घरात कोन येनार हाय? आता तू सांग. तुझा सुटला असता, तर आली असतीस का कागद घेऊन?"

मी पिशवी पोटाशी धरली.

"न्हाई ना? मग जा. मला दोघंबी सारखेच हायत."

ती पुन्हा पाखडायला लागली. मी परत आले ती रस्त्याने नाही, रानातून आले. कुणी बघू नये म्हणून. सात-आठ वर्षांत त्या बाईचा विचार मी कधी केला नव्हता. त्या दिवशी केला, तोही तिचा उपयोग करून घ्यायला. ही लाज माझ्या मत्सरापेक्षा मोठी आहे. तरी खरं सांगते, दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊबाईंचा फोन आला आणि मागून दिरांचा आवाज ऐकू आला, तेव्हा माझा पुन्हा तसाच जळफळाट झाला.

संक्रांतीनंतर मी पुण्याला मुलाखतीला गेले. जेलात भेटीला मुलाखत म्हणतात. काचेपलीकडे नवरा बसला होता, फोन कानाला लावून.

मी तोंड उघडताच भांडायला लागले. "शब्द एक, गुन्हा एक, मग त्याचाच कसा झाला? तुमी आत काय करून ठेवलंय का?"

तो हसला. केस पिकले होते. "मी काय करनार? माझ्या कागदावर शेरा हाय. पॅरोलवरून उशिरा हजर."

मग मला आठवलं. सासरे वारले तेव्हा दोघा भावांना पॅरोल मिळाला होता. मुदत संपली त्या सकाळी जाऊबाईंनी भाकऱ्या बांधल्या, डोळे पुसले आणि नवऱ्याला एसटीत बसवून दिलं. तिला कॅलेंडर वाचता येत नाही, पण तिने दिवस बोटांवर मोजले होते. मी मात्र माझ्याला म्हटलं होतं, "आजचा दिवस ऱ्हावा." दुसऱ्या दिवशीही तेच. मूल आजारी नव्हतं, घरात अडचण नव्हती. मला तो हवा होता, एवढंच. सहाव्या दिवशी पोलिसांची गाडी दारात आली. जाताना तो मला काही बोलला नव्हता.

"आदी का न्हाई सांगितलं?" मी विचारलं.

"काय सांगायचं? तुज्यामुळं झालं असं? मला तरी कुठं जायचं हुतं?"

वेळ संपली. परतीच्या गाडीत मी नगरपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसले. राग धरायला आता कुणीच उरलं नव्हतं. जाऊ बरोबर वागली होती. राज्यपालांपुढे जो कागद गेला त्यावर खरं तेच लिहिलं होतं. मला वाटलं, आता तरी मत्सर जाईल. तो गेला नाही. उलट तिच्या शहाणपणाचाही मला हेवा वाटायला लागला.

हंगाम संपवून ती घरी आली. मी तिला शेऱ्याचं सांगितलं. काकूंच्या दारात गेल्याचंही सांगितलं. ऐकून ती उठली आणि आपल्या खोलीत गेली. तिसऱ्या दिवशी दळण घेऊन आली आणि म्हणाली, "आक्का, माझा अडकला असता ना, तर मीबी गेले असते. पन मला लिहिता येत न्हाई." एवढं बोलून तिने दळण माझ्या डब्यात अर्धं ओतलं.

माझा नवरा पूर्ण शिक्षा भोगून त्यानंतर दोन वर्षांनी वैशाखात आला. हलगी वाजली नाही. तिसगावच्या स्टँडवरून पिशवी घेऊन चालत आला. सासूने तुकडा ओवाळला, दिरांनी पायांवर डोकं ठेवलं आणि दोघे भाऊ ओसरीवर बसले. दीर सुटल्यानंतर झालेली त्यांची धाकटी पोर दारामागून बघत होती. माझ्या नवऱ्याने हात पुढे केला तशी ती भोकाड पसरून आईकडे पळाली.

"अगं, तुझे मोठे बाबा हायत," जाऊबाई तिला समजावत होती. "जा की."

पोरगी गेली नाही. पदरात तोंड लपवून बसली. तिला बोलता येत होतं, पळता येत होतं, कुणाकडे जायचं नाही हेही कळत होतं. माझा नवरा तिच्याकडे बघत राहिला. मी चहा करायला आत गेले. आधण ठेवलं आणि चुलीपुढे जरा जास्तच वेळ बसले.