शेजाऱ्याला दिलेलं वावर

दसऱ्याला शेजारचे आजोबा सोनं द्यायला यायचे आणि आम्ही पोरं घरात पळायचो. त्यांच्या हातचं आपट्याचं पानही घ्यायचं नाही, असा बाबांचा नियम. बेचाळीसच्या चळवळीत माझ्या आजोबांना धरून नेलं, इंग्रज सरकारने आमचं वावर जप्त केलं आणि या शेजाऱ्याला देऊन टाकलं. "ज्याले वावर भेटलं, त्यानंच नावं सांगतली," बाबा म्हणायचे. आजोबांचा धाकटा भाऊही तेव्हा पकडला गेला होता, पण दोन दिवसांत सुटून आला. नशीब त्याचं, असं घरात सगळे म्हणत. आजोबा सुटल्यावर शेजारी वावर परत द्यायला आला, तर त्यांनी दार लावून घेतलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

मीही हेच मानत मोठी झाले.

आता बाबा नव्वदीत. "त्याचं नाव कागदावर दाखव, मंग मी सुखानं जातो," असा त्यांनी धोशा लावला. मी सिंदी मेघेहून आष्टीच्या तहसील कचेरीत चकरा मारल्या. रेकॉर्ड रूममधल्या बाबूवरही माझा भरवसा नव्हता. तो शेजाऱ्यांचा पाहुणा-सोयरा तर नाही ना, हे आधी विचारून घेतलं. शेवटी त्याने जप्तीची फाईल काढली. नावं कोणी सांगितली ते त्यात नव्हतंच. होता शेजाऱ्याचा अर्ज, खाली अंगठा: वावर मला नको, मालक सुटेपर्यंत पडीक राहू द्या. त्यावर इंग्रज साहेबाचा शेरा: यालाच द्यावे, म्हणजे गाव आपसात पाहून घेईल.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. साहेब मेला, राज्य गेलं, आणि आम्ही त्याचा हुकूम इमानदारीने पाळत बसलो होतो.

बाबांना वाचून दाखवलं. "खोटा असंन कागद," ते म्हणाले. मग पुन्हा वाचायला लावला.

दसऱ्याला शेजाऱ्यांचा नातू आला. बाबांनी हात पुढे केला, पानं घेतली, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मला रडू आवरेना.

पाठोपाठ माझे चुलतकाका आले, आजोबांच्या त्याच धाकट्या भावाचे चिरंजीव. दरवर्षीसारखे वाकले, बाबांच्या तळहातावर सोनं ठेवलं. बाबांनी मूठ मिटली नाही.

"तुह्या बापाले," त्यांनी हळूच विचारलं, "दोन दिवसात काऊन सोडलं होतं रे?"